नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: रोजच्या दिवसात लहान बदल कसा रुजवायचा

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत गॅलऱ्यांत उभ्या असलेल्या सायकली मोजायला निघालं तर एक रविवार पुरणार नाही. शहराला सायकलचं वेड आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. असं काही पाहिलं की आपल्यालाही हुरूप येतो. सायकल घेतली जाते, पहिल्याच रविवारी त्र्यंबकेश्वर गाठलं जातं, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. सोमवारी मांड्या भरून येतात, मंगळवारी ऑफिसला उशीर झालेला असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात हँडलवर टॉवेल वाळत असतो.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर दोनच गोष्टी चुकलेल्या असतात. बदलाचा आकार मोठा असतो, आणि रोजच्या दिवसात त्याला टांगायला खुंटी नसते. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठी आहे.

किती दिवस लागतात

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ मात्र वेगळं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी 1960 साली लिहिलं होतं, की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात. सवय लागण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता, आणि ‘किमान’ हा शब्द तर वाटेतच गळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 84 दिवस अभ्यास केला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडली होती, जेवणासोबत पाणी पिण्यासारखी किंवा थोडं पळण्यासारखी. ती आपोआप घडू लागायला साधारण 66 दिवस लागले. पण कुणाला 18 पुरले, तर कुणाला आकडेमोडीनुसार 254 लागले असते. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या उशिरा. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हाही त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष.

आपल्याकडे हा हिशोब जुनाच आहे. चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चालतो, म्हणजे चार महिने. आणि नेमही कसला, तर कांदा-लसूण किंवा वांगं सोडायचं, रोज एक अध्याय वाचायचा. गोष्ट लहान आणि मुदत लांब. आपण नेमकं उलट करतो, गोष्ट डोंगराएवढी आणि मुदत पंधरा दिवसांची.

तेव्हा मनाशी धरायची मुदत दोन ते तीन महिने. खरी कसोटी दहाव्या दिवशी सुरू होते, कारण नव्याचे नऊ दिवस हौसेवर निघतात. पुढचे निघावेत यासाठी तयारी आधी करावी लागते.

आधी दोन दिवस नुसतं लिहा

बदल ठरवण्याआधी दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, उठल्यापासून झोपेपर्यंत जे आपोआप घडतं ते लिहून काढा. गॅस कधी पेटतो, दूध कधी येतं, आंघोळ कधी, डबा कधी भरला जातो, गाडीची किल्ली कुठून उचलली जाते, संध्याकाळी घरात शिरल्यावर पहिल्यांदा बूड कुठे टेकतं. पंधरा-वीस ओळी होतील. या तुमच्या खुंट्या.

खुंटी चांगली की वाईट हे तीन गोष्टींवरून सहज ओळखता येतं. ती रोज हवी, ठरलेल्या जागी हवी, आणि ती कुठे संपते हे स्पष्ट दिसायला हवं. ‘सकाळचा चहा झाल्यावर’ ही कच्ची खुंटी, कारण चहा पेपरात आणि पेपर गप्पांत मिसळतो, तो नक्की कधी संपला हे कुणालाच कळत नाही. ‘चहाचा कप सिंकमध्ये ठेवला की’ ही पक्की. कप खाली ठेवल्याचा आवाज येतो, हात रिकामा होतो. घंटागाडीचंही तसंच. तुमच्या गल्लीत ती रोज ठरलेल्या वेळी येत असेल तर फार छान खुंटी, कारण ती तुम्हाला हाक मारते. कधी सातला, कधी साडेनऊला येत असेल तर तिच्यावर काही टांगू नका.

मग एक वाक्य बनवायचं: ‘अमुक झालं की तमुक करीन.’ जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ बेतांवर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘व्यायाम करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा कधी आणि कुठे हे आधी ठरवणाऱ्यांकडून काम जास्त वेळा पार पडतं, हे त्यातून दिसलं. वाक्यात ‘रोज’, ‘नियमित’, ‘जमेल तसं’ हे शब्द आले तर ते खोडा. त्यांच्या जागी एखादी वस्तू किंवा जागा यायला हवी.

आकार

ठरवलेली गोष्ट एका वाईट दिवसावर तपासून घ्या. घरात पाहुणे आहेत, लाइट गेलेत, अंग कसकसतंय, आणि मुलाची उद्या परीक्षा आहे. अशा दिवशी ती होईल का? नसेल होणार तर अर्धी करा आणि पुन्हा विचारा. अर्धा तास योगासनं या चाळणीतून गेली की बहुधा दोन सूर्यनमस्कार उरतात. दोनच ठेवा. हे हास्यास्पद वाटेल, आणि वाटायलाच हवं. पहिल्या महिन्यात सूर्यनमस्कारांनी अंग कमावायचं नसतं, टॉवेल खुंटीला लावला की चटईकडे वळण्याचं वळण लावायचं असतं. संख्या मागाहून वाढते.

दुसरी चूक एकदम तीन-चार बदल हाती घेण्याची. पाडव्याला हे फार होतं. मुळात सणाचा दिवस सुरुवातीला वाईटच, कारण त्या दिवशी रोजच्या खुंट्या जागेवर नसतात. उशिरा उठणं, श्रीखंड-पुरी, दुपारची झोप. सुरुवात एखाद्या साध्या मंगळवारी करावी.

चहातली साखर: चमच्या-चमच्याने

लहान बदल कसा दिसतो याचं सगळ्यात सोपं उदाहरण चहाच्या पातेल्यात आहे. चार माणसांचं घर, सकाळ-संध्याकाळ चहा, माणशी दोन चमचे साखर धरू. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम. शिगोशीग भरला तर सहज दीडपट. म्हणजे सपाट चमच्याने मोजलं तरी एका माणसाची नुसत्या चहातून दिवसाला 16 ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगते, आणि जमल्यास 5 टक्क्यांखाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. बिस्किटं, मुरंबा, शिरा अजून मोजलेच नाहीत.

पहिला आठवडा काहीही कमी करू नका. फक्त डब्यातला चमचा बदला. साखरेच्या डब्यात बहुतेक घरी जुना, खोलगट, कसल्याशा सेटमधून उरलेला चमचा असतो. त्याऐवजी साधा चहाचा चमचा ठेवा, सुरीच्या पाठीने सपाट करा, आणि सध्याच्या गोडीला खरोखर किती चमचे लागतात ते मोजा. पुष्कळ घरांत ‘आठ’ म्हणून चाललेले चमचे अकरा-बारा निघतात.

समजा आठ निघाले. दर सोमवारी पातेल्यामागे अर्धा चमचा कमी करायचा, आठ आठवड्यांत चारवर यायचं. आठातला अर्धा म्हणजे जेमतेम सहा टक्के, तो जिभेला कळत नाही. चार कपांमागे चार चमचे वाचले, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज 32 ग्रॅम. महिन्याच्या वाणसामानात जवळजवळ किलोभर साखर कमी.

बिघडतं ते साधारण पाचव्या आठवड्यात. साखर कमी झाली की पावडरीचा कडवटपणा वर येतो. इतके दिवस साखर तो झाकत होती. अशा वेळी साखर वाढवू नका. पावडर चिमूटभर कमी करा, आणि पावडर टाकल्यानंतर चहा कमी वेळ उकळा. कडूपणा बराचसा जास्त उकळण्यातून येतो. गवती चहाची दोन पाती किंवा किसलेलं आलं टाकलं की जिभेचं लक्षही दुसरीकडे जातं. गुळाच्या चहाने मात्र फसू नका. चव वेगळी लागते, पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

एखाद्या संध्याकाळी सासूबाई विचारतील, “अगं, आज साखर टाकायची राहिली का?” “नाही आई, टाकलीये की. थोडी कमी करतेय हल्ली.” हे एकदा झालं तर तसंच पुढे चालू ठेवा. लागोपाठ दोन-तीन दिवस झालं, तर अर्धा चमचा परत वाढवून दोन आठवडे तिथेच थांबा. मागे जाणं म्हणजे हरणं असं काही नसतं, फक्त पायरी उंच होती. घरात कुणी मधुमेहाचं औषध किंवा इन्शुलिन घेत असेल तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि खाण्यापिण्यात मोठा फरक पडणार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

दोन चोरवाटा राहतात. एक, चहा अगोड लागतो म्हणून शेजारी खारीच्या जागी क्रीमचं बिस्किट येतं, आणि वाचवलेली साखर तिथून घरात शिरते. दुसरी, टपरी. तिथली साखर तुमच्या हातात नाही, कप मात्र आहे. फुल्लऐवजी कटिंग.

रविवारच्या मिसळीला हात लावू नका. आठवड्यातून एकदाची तर्री, पापड आणि वरची जिलेबी याने काही बिघडत नाही, आणि जे मनापासून आवडतं ते पहिल्याच फटक्यात काढून घेतलं की उरलेल्या बदलांवर राग निघतो.

शतपावली

या बदलाला आपल्या भाषेत आयतं नाव आहे, आणि त्या नावातच आकारही आहे: शंभर पावलं. शंभर पावलं म्हणजे साठ-सत्तर मीटर, मिनिटभराचं काम. दहा मिनिटं सावकाश चाललं की साधारण हजार पावलं होतात. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर बसून राहिल्याइतकी वर चढत नाही, एवढं नक्की आहे. भरपोटी भराभर चालायची गरज नाही.

सुरुवात खरोखर शंभर पावलांनी करा. सोसायटीच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत आणि परत. दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं वाढवा, दहा-पंधरा मिनिटांवर थांबा.

सगळी गंमत जेवण आणि दार यांच्यामधल्या वीस फुटांत आहे. ताट उचललं, हात धुतले, आणि तेवढ्यात सोफा लागतो. एकदा बूड टेकलं की मालिका संपेपर्यंत उठणं नाही, आणि मालिका संपल्यावर झोप आलेली असते. म्हणून खुंटी ‘जेवण झाल्यावर’ ही ठेवू नका. ‘ताट सिंकमध्ये ठेवलं की चपला’ अशी ठेवा. चपला रॅकमध्ये आत नकोत, जेवायला बसण्याआधीच दाराशी तोंड बाहेर करून काढून ठेवा. किल्ली त्यांच्याच वर लावा. टीव्हीचा रिमोट जेवणाआधी आतल्या खोलीत. एवढी मांडामांड बालिश वाटते, पण काम तीच करते. हात धुऊन वळल्यावर समोर काय दिसतं, त्यावर पाय कुठे जाणार ते ठरतं.

अडचणीही ठरलेल्या आहेत, त्यांची उत्तरं आधीच ठरवून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धरला की पार्किंगमध्ये फेऱ्या. गल्लीत रात्री कुत्री अंगावर येत असतील तर गच्ची. पंचवटीत राहणारे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, जाऊन येऊ शकतात, पण ते हौसेच्या दिवशी. रोजचा मार्ग घराजवळचाच हवा. आणि पहाटे फिरायला जायचं ठरवत असाल तर डिसेंबरात सुरुवात करू नका. नाशिकची थंडी पांघरुणाच्या बाजूने असते.

फोन

यावर थोडक्यात, कारण करायचं एकच आहे: चार्जरची जागा बदलायची. उशाशी असलेला चार्जर काढून हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघरात लावा. मन लगेच विचारेल, ‘मग गजराचं काय?’ साधं टेबलावरचं गजराचं घड्याळ घ्या. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप उशीकडे जाईल. तिथे एखादं मासिक ठेवा, म्हणजे हात रिकामा परतणार नाही. रात्री-अपरात्री आई-वडिलांचा फोन येण्याची शक्यता असेल तर फोन सायलेंट करू नका, आवाज मोठा ठेवून लांब ठेवा.

खाडा मांडण्याची पद्धत

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आपण दुधाचा खाडा मांडतो, मावशी आल्या नाहीत तो दिवस मांडतो. आलेला दिवस कुणी मांडत नाही. इथेही तेच करा. जे केलं त्याची रोज खूण करत बसलं की आठवड्यात खूण करायचाच कंटाळा येतो. फक्त चुकलेला दिवस मांडा, आणि शेजारी एका शब्दात कारण लिहा: पाहुणे, पाऊस, उशीर, विसरलो.

महिनाअखेरीला ते पान वाचा. तीन-चार खाडे असतील तर ठीक चाललंय. सलग दोन दिवसांचे खाडे वारंवार दिसत असतील तर काळजी करा, कारण एक चुकलेला दिवस सवय मोडत नाही, लागून दुसरा आला की नवी सवय सुरू होते, न करण्याची. दहाच्या वर खाडे असतील तर आकार अर्धा करा. ‘विसरलो’ हा शब्द वारंवार आला असेल तर आकाराला हात लावू नका, खुंटी बदला. ‘उशीर’ आला असेल तर तीच गोष्ट दिवसात अलीकडे आणा.

शिफ्ट असेल तर

सातपूर-अंबडला कंपनीत असणाऱ्यांना घड्याळावरचे सगळे सल्ले निरुपयोगी ठरतात. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाइट. ‘सकाळी सहाला’ म्हणून बांधलेली सवय दुसऱ्या सोमवारी उसवते. त्यांच्यासाठी खुंटी घड्याळावर नकोच, शिफ्ट बदलली तरी न बदलणाऱ्या कामावर हवी. कामावरून आल्यावर डबा धुणं, युनिफॉर्म काढून टांगणं, झोपण्याआधी दात घासणं. डबा धुऊन पालथा घातला की पाठीचे दोन ताण, हे तिन्ही शिफ्टमध्ये टिकतं, मग ते दुपारी चारला होवो की सकाळी आठला.

नाइटला चहाचं गणित वेगळं. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सकाळी आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा दोनच्या आत घ्यावा. आणि चहा कमी करायचा असेल तर एकदम बंद करू नका. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं आणि ते काही दिवस टिकू शकतं. लोक त्यालाच ‘मला चहा सोडणं मानवत नाही’ म्हणतात. तीन-चार दिवसांना एक कप असा कमी केला तर हा त्रास टळतो किंवा फार होत नाही.

आठवड्याच्या गोष्टी

रोजच्या आणि आठवड्याच्या बदलात एक फरक कुणी सांगत नाही. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून घरात कधी न आणलेली एक भाजी आणायची, किंवा आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवून सिटीलिंकच्या बसने जायचं, हे बदल चांगले. पण महिन्यातून चारच वेळा घडणारी गोष्ट साठ-पासष्ट वेळा व्हायला सव्वा वर्षाच्या वर लागतं. ती आपोआप होईल याची वाट पाहू नका. तिथे सवयीपेक्षा सोबत कामाला येते. बाजाराला शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, बसला सहकाऱ्याबरोबर वेळ ठरवा. कुणीतरी खाली उभं आहे म्हटल्यावर माणूस उतरतो.

दुसरा बदल कधी

पहिला रुजला की नाही हे दिवस मोजून कळत नाही, चुकल्यावर कळतं. पाहुण्यांच्या गडबडीत शतपावली राहिली आणि अंथरुणावर पडल्यावर काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, की ती बसली. किंवा पावसाळी रात्री दाराशी चपला घातल्यावर लक्षात येतं, अरे, बाहेर तर पाऊस आहे. म्हणजे पाय विचारायला न थांबताच निघाले होते. असं आठवडाभरात दोन-तीनदा झालं की आधीच्या यादीतली पुढची खुंटी निवडा. पहिल्या बदलाच्या वेळचीच खुंटी पुन्हा वापरू नका. ताट ठेवल्यावर चपलाही आणि औषधाची डबीही आठवायची म्हटलं की दोन्ही विसरतात. डबीसाठी सकाळचा कप मोकळा आहे.